शिवणीतली माया

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एका जीन्सवरून दोन दिवस अबोला होता. मुलगी अकरावीत आहे. खरेदीसाठी ठरावीक रक्कम तिच्या हातात देऊन 'तुझे तू आण' असे मीच म्हटले होते, आणि तिने जी जीन्स आणली तिचे दोन्ही गुडघे फाटलेले होते. म्हणजे फाडलेले होते. कारखान्यात, मापाने, दोन्ही बाजूंना सारखे. माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. तिने ती जीन्स हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि एवढेच विचारले, "याचे पैसे दिलेस?"

आजीने नातीची फाटकी जीन्स रातोरात शिवून दिली, हा विनोद आता इतका फिरला आहे की त्यावर हसूही येत नाही. आमच्याकडे तसे काही झाले नाही. आईने जीन्सची घडी घालून ठेवली आणि ती बोलायची थांबली. मुलीला वाटले, आजी जुन्या वळणाची, गुडघे दिसतात म्हणून रागावली. मलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडताना आई आपणहून म्हणाली, "तुझ्या नानांच्या शर्टाची कॉलर झिजली की मी ती उसवून उलटी बसवायची. शाळेत कुणाला कळू नये म्हणून. आणि ही पोर भोक दिसावं म्हणून पैसे देते."

नाना म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात ते प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याजवळ दोनच पांढरे सदरे होते, आणि ते दोन आहेत हे गावाला कधी समजले नाही, हे माझ्या आईच्या संसारातले एक मोठे यश होते. तिचा राग गुडघ्यांवर नव्हता. तो तिने आयुष्यभर लपवलेल्या गोष्टीवर होता. ती गोष्ट नातीने विकत आणली होती आणि आता ती चारचौघांत मिरवणार होती.

मुलांना त्यांचे कपडे त्यांना निवडू द्यावेत की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा 'संस्कार' आणि 'स्वातंत्र्य' या दोन शब्दांच्या मध्ये. मार्च २०२१मध्ये उत्तराखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी फाटकी जीन्स घातलेल्या एका स्त्रीचा दाखला देऊन, ही बाई मुलांवर काय संस्कार करणार, असा प्रश्न केला होता. देशभर गदारोळ झाला, पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. वरवर पाहता मुख्यमंत्री आणि माझी आई एकाच जीन्सवर आक्षेप घेत होते. पण मुख्यमंत्र्यांना दिसत होते ते स्त्रीचे शरीर, आणि आईला दिसत होते दारिद्र्य. या दोन आक्षेपांना एकच उत्तर देता येत नाही. पहिल्याला मी उत्तर देते आणि देत राहीन. दुसऱ्यासमोर मात्र मी काही वेळ गप्प बसले.

मराठीत कपड्यांच्या क्रियापदांची श्रीमंती मोठी. साडी आणि धोतर नेसायचे, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, शाल पांघरायची, दागिना ल्यायचा, गजरा माळायचा. मुलांच्या बाबतीत मात्र यांपैकी मुख्यत्वे एकच उरते, ते म्हणजे घालणे. त्यातली गंमत वर्गात व्याकरण शिकवताना माझ्या ध्यानात आली. 'बाळाला झबले घातले' आणि 'बाळाने झबले घातले' या दोन वाक्यांत क्रियापद तेच आहे, झबले तेच आहे. 'ला' जाऊन 'ने' आला आहे, एवढेच. घरोघरी कपाटासमोर जो तंटा चालतो तो या एका प्रत्ययाचा आहे. आईबापांना वाटते, अजून 'ला' चालू आहे. मुलाला वाटते, 'ने' केव्हाच सुरू झाला. आणि बहुतेक वेळा मुलाचे बरोबर असते, कारण तीन-चार वर्षांचे मूल स्वतः बटण लावायला शिकते त्या दिवशीच ते सुरू झालेले असते.

त्याआधीचा काळ आईबापांचा. नवजात बाळाला सुरुवातीचे दिवस नवे कापड घालायचे नाही, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळाची नाहीतर धोतराची झबली शिवायची, ही आपल्याकडची रीत. संक्रांतीला बोरन्हाणाच्या वेळी त्याच बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून सजवायचे. यात बाळाला कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही. माणसाचा पहिला कपडा हा दुसऱ्या कोणाच्या तरी कपड्यातून कापलेला असतो, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. परंतु अडचण अशी की आपण पुढची पंधरा-वीस वर्षेही आपल्याच कापडातून त्याला कापत राहतो.

माझे लहानपण १९८०च्या दशकातले. दिवाळीच्या आधी नाना तालुक्याच्या बाजारातून एक तागा आणत. त्यातून दोन्ही भावांचे शर्ट, माझा फ्रॉक आणि उरलेच तर उशीचे अभ्रे. पाडव्याला आम्ही तिघे एका रंगात अंगणात उभे राहिलो की पाहुण्यांना पोरे मोजायला सोपे जाई. शिंपीकाका मापे घेत, पण ती मापे आमची नसत. पुढच्या वर्षीच्या आमची असत. 'वाढत्या अंगाचं शिवा' एवढीच सूचना असे. पहिल्या वर्षी फ्रॉक पोटरीवर, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर आणि मग चुलतबहिणीकडे. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. 'माया सोडलीय, पुढच्या साली उसवून घ्या,' असे काका म्हणायचे. हा शब्द शिवणकामात कसा आला असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. वाढीची जागा आतल्या बाजूला ठेवून देणे, ती वरून दिसू न देणे, आणि वेळ आली की उसवायला तयार असणे, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत.

त्या दिवसांत मला काही निवडता येत नव्हते असे मात्र म्हणवत नाही. कापड नानांचे, रंग दुकानदाराचे, पण बटणे कोणती, बाही फुग्याची की साधी, खिसा हवा की नको, हे शिंपीकाका मलाच विचारत. आईच्या देखत विचारत आणि आईला गप्प करत. पुढे १९९०च्या दशकात आमच्या भागातही तयार कपडे आले, शिंपीकाकांकडे फक्त उंची कमी करण्याची कामे राहिली, आणि ही मधली जागा गेली. तयार कपड्यात माया जवळजवळ नसतेच. कडेने यंत्राची शिलाई मारून कापड संपलेले असते. कपडा बसतो किंवा बसत नाही. आई आणि मूल दुकानात समोरासमोर येतात, आणि त्यांच्यामध्ये टेप गळ्यात टाकून उभा राहणारा तिसरा माणूस राहिलेला नाही.

गरिबीत कपड्याची निवड हा विषयच नसतो, हे कबूल करूनच पुढे जायला हवे. 'श्यामची आई' शिकवताना श्यामने धाकट्या भावासाठी पैसे साठवून कोट शिवून नेल्याचा प्रसंग आला की वर्ग नेहमी गंभीर होतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "मॅडम, पण त्याला रंग कोणता हवा ते विचारलं होतं का?" वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी जाताना मात्र मला तो प्रश्न सोडेना. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्या घरात कोट मिळणे हीच गोष्ट एवढी मोठी होती की रंगाचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. कपडा म्हणजेच प्रेम होते. त्या मुलीचा प्रश्न उथळ नव्हता. ज्या घरात कोट मिळणारच हे ठरलेले असते, त्या घरातला तो पुढचा प्रश्न आहे. आपल्यापैकी अनेकांची पंचाईत अशी की घर बदलले, कपाट भरले, पण आपण अजूनही श्यामच्या घरातल्यासारखे कपडे देतो आणि मुलांनी कृतज्ञतेने घ्यावेत अशी अपेक्षा करतो. मुले कपडा नाकारतात तेव्हा आपल्याला प्रेम नाकारल्यासारखे लागते. मुलीने एकदा माझा आवडता मोतिया रंगाचा कुडता 'नको' म्हणून बाजूला ठेवला, तेव्हा डोळ्यांत पाणी यावे असे त्यात वस्तुतः काही नव्हते.

अर्थात, कपडा म्हणजे केवळ प्रेम नव्हता. कपडा म्हणजे हुकूमही होता. मराठीतला कपड्यांविषयीचा बराच विचार आज्ञार्थात लिहिला गेला आहे. आगरकरांच्या गाजलेल्या निबंधाचे शीर्षकच पाहा: 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत'. त्यातला 'च' मला दरवेळी थांबवतो. आगरकर स्त्रियांच्या बाजूचे होते याविषयी शंका नाही. पण तो 'च' बापाचा आहे. सुधारकाच्या तोंडीही शेवटी 'घाल' हेच येते. सनातन्याच्या तोंडी 'घालू नकोस' येते. जिला घालायचे ती दोन्ही वाक्यांत ऐकणारी.

याच्या पलीकडे आणखी एक हुकूम होता आणि तो जातीचा. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात लुगड्याच्या काठांविषयी आले आहे. महार स्त्रीने लुगडे असे नेसायचे की काठ निऱ्यांच्या आत दडला पाहिजे; काठ दिसू देण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. लुगडे तेच, पण कुठली कड बाहेर ठेवायची हे नेसणारीने ठरवायचे नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांसमोर बोलले तेव्हा लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि जातीची ओळख सांगणाऱ्या दागिन्यांवर ते सविस्तर बोलले, आणि तिथेच स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलल्याच्या आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. तोही उपदेशच होता, परंतु आगरकरांच्या 'च'पेक्षा मला तो वेगळा वाटतो. इथे नवा पोशाख लादण्यापेक्षा लादलेली खूण उतरवण्यावर भर होता. ज्या घरांनी ही खूण उतरवली, त्या घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी कडक इस्त्रीचे, पांढरेशुभ्र, नीटनेटके कपडे घालणे ही हौस नव्हती. ते उत्तर होते. अशा घरातल्या नातवाने उद्या ढगळ, चुरगळलेला टी-शर्ट घातला तर आजोबांच्या कपाळावर आठी का पडते, हे नातवाला कोणीतरी सांगायला हवे. सांगायला हवे, इतकेच. त्या आठीसाठी त्याने टी-शर्ट बदलावा असे मी म्हणणार नाही. आजोबांनी ती लढाई बहुधा यासाठीच केली होती की नातवाला कपडे हे उत्तर म्हणून घालावे लागू नयेत.

माझ्या आईच्या बाबतीतही मला शेवटी हेच म्हणावेसे वाटले. फाटके हौसेने घालता येणे हे ज्याला फाटके नाइलाजाने घालावे लागले नाही त्यालाच शक्य आहे. नातीला ती कॉलर ठाऊक नाही हे आईचेच कर्तृत्व आहे. पण हे वाक्य आईला ऐकवणे मला जमले नाही. ते लिहायला सोपे आहे.

मी अकरावीत गेले १९९६ साली. परकर-पोलके, मग फ्रॉक, मग शाळेचा निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज, असा माझा क्रम. गणवेशाविषयी आता बरेच वाईट बोलले जाते, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींचा तोच एक धड कपडा होता आणि त्या लग्नालाही तोच घालून येत. त्यात त्यांना लाज नव्हती, कारण मास्तरांची मुलगीही तोच घालून आलेली असे. कॉलेजात मात्र पंजाबी ड्रेस लागला. ओढणी दोन्ही खांद्यांवर, दोन्हीकडे पिना, ही आईची अट. 'मास्तरांची पोर' या दोन शब्दांत माझ्या अंगावरच्या सगळ्या कपड्यांचा निकाल लागत असे. 'लोक काय म्हणतील' या वाक्याची आपण शहरात बसून टिंगल करतो. गावात 'लोक' ही कल्पना नसते. उधारीवर कापड देणारा दुकानदार म्हणजे लोक, नानांची बदली ज्याच्या शब्दावर अडते तो म्हणजे लोक. आईची भीती हिशेबी होती, खोटी नव्हती. म्हणून मी जीन्स घातली नाही. आजही घालत नाही. मुलगी विचारते, "तुला आवडत नाही की तू घाबरतेस?" खरे उत्तर असे की आता मला त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. अनेक वर्षांच्या भीतीची शेवटी आवड होते.

मुलांच्या कपड्यांविषयी हट्ट धरणाऱ्या प्रत्येक पालकाने स्वतःला हा प्रश्न एकदा विचारावा असे मला वाटते. हा रंग मला आवडत नाही, की या रंगात माझे मूल दिसले तर माझ्याविषयी कोण काय समजेल याची मला भीती वाटते? हिंदीत 'आप रुचि भोजन, पर रुचि शृंगार' अशी म्हण आहे. खाणे आपल्या आवडीचे, सजणे दुसऱ्याच्या. मुलांच्या बाबतीत हा 'पर' म्हणजे बहुधा आपण नसतोच. आपण त्या 'परां'चे वकील असतो.

आमच्या महाविद्यालयात तालुक्यातल्या तीस-चाळीस गावांतून मुली एसटीने येतात. त्यांच्यापैकी काहींच्या सॅकमध्ये वह्यांखाली दुसरा पोशाख असतो. घरून निघताना एक, महाविद्यालयात दुसरा, परतीच्या गाडीआधी पुन्हा पहिला. स्वच्छतागृहाबाहेर पावणेपाचला रांग लागते तिचे कारण आम्हा सगळ्या प्राध्यापिकांना ठाऊक आहे आणि आम्ही ते कोणाला सांगत नाही. दुसरा पोशाख म्हणजे काही भयंकर नसतो. साधी जीन्स आणि कुर्ती असते. एका पालकांनी मागे मला अभिमानाने सांगितले, "आमच्या मुलीला असलं काही आवडतच नाही." मी मान डोलावली. त्या मुलीला मी दुपारीच पाहिले होते. मला वाईट वाटले ते कपड्यांचे नाही. या मुलीला उद्या खरोखर काही संकट आले, कोणी त्रास दिला, तर ती ते घरी सांगणार नाही, याचे. कारण सांगायला गेली तर पहिला प्रश्न 'तेव्हा तुझ्या अंगावर काय होतं?' हाच येणार, आणि त्याचे उत्तर त्या सॅकमध्ये आहे. कपड्यांवर घातलेल्या बंधनाने पालकांना सुरक्षितता मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात मुलीने आपल्या दिवसाचे सहा तास त्यांच्यापासून लपवायला शिकून घेतलेले असते. आयुष्यात पुढे लागणारे लपवण्याचे कसब आपण घरीच, मोफत शिकवतो.

माझे एक सहकारी अर्थशास्त्र शिकवतात. त्यांचा आक्षेप निराळा, आणि तो मला अधिक अडचणीत आणतो. त्यांच्या मते मुले कपडे निवडतात असे आपण म्हणतो, पण निवडतात त्या कंपन्या. मुले फक्त उचलतात. मुलींच्या विभागात गुलाबी, मुलांच्या विभागात निळा, आणि मग आपण म्हणायचे की मुलीला जन्मतःच गुलाबी आवडतो. यात तथ्य आहे. अमेरिकी अभ्यासक जो पाओलेटी यांचे या विषयावरचे पुस्तक २०१२ साली आले. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा ही विभागणी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की नव्हती, हे त्यांनी दाखवले आहे. १९१८ साली तिथल्या एका व्यापारी मासिकाने तर गुलाबी हा ठसठशीत रंग मुलांसाठी आणि निळा हा नाजूक रंग मुलींसाठी, असा सल्ला दिला होता. खिशांचे तर विचारूच नका. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या आजीला कनवटी होती, तिच्यात ती चार पैसे, सुपारी आणि किल्ली बाळगायची. तिच्या पणतीच्या नव्या जीन्सवर खिशाच्या जागी नुसती शिलाई आहे, आत खिसाच नाही. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणावे.

पण मग आमची निवड तरी आमची होती का? १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि पुढची दोन वर्षे जांभळ्या रंगाच्या साडीने लग्नमंडप भरून गेले; आमच्या शिंपीकाकांनीही त्या ब्लाउजची पाठ कशीबशी जमवली होती. त्याहून मागे जाऊन पाहावे तर बालगंधर्वांचे शालू, दागिने आणि केशरचना पाहून घरंदाज स्त्रिया आपला साजशृंगार ठरवत. म्हणजे 'मराठमोळा' म्हणून आपण जो घरंदाज स्त्रीवेश मानतो, त्यातला काही भाग एका पुरुषाने रंगभूमीवर घडवलेला आहे. उसने घेतल्याशिवाय कोणाचीच आवड तयार होत नाही. फरक एवढाच की कोणाकडून उसने घ्यायचे हे आम्हीही आईबापांना विचारले नव्हते. बाजार मुलांना फसवतो हे खरे असेल, तर त्याला उत्तर मुलांना अधिक निवडू देणे हेच आहे. ज्याने कधी चूक कपडा घेऊन वर्षभर पस्तावा केला नाही, त्याला बाजार ओळखता यायचा कसा? खिसा नसल्याचे माझ्या मुलीला घरी येऊन कळले. आता ती आधी हात घालून पाहते.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचे थोडक्यात. चार वर्षांचा असताना तो सत्यनारायणाला कोळीमानवाचा पोशाख घालून बसला होता आणि भटजींनी त्याच वेशात त्याला प्रसाद दिला. सध्या त्याला कानात बाळी हवी आहे. त्याचे वडील अस्वस्थ झाले. मी त्यांना भिकबाळीची आठवण करून दिली. पेशवाईतले पुरुष ती ऐटीत घालत. पुरुषांच्या पोशाखावरची आपली मर्यादा किती अलीकडची आहे हे पुरुषांना सहसा माहीत नसते. बाळीचा निर्णय दहाव्या वाढदिवसापर्यंत पुढे ढकलला आहे.

तर मी स्वतः काय करते? फारसे काही थोर नाही. पैसे किती, हे मी ठरवते, कारण ते मी कमावते. ऊन-पावसाचे, गाडीवरच्या हेल्मेटचे, कोणाच्या दारी मयतीला जायचे असेल तर त्या वेळचे मी सांगते, आणि तिथे ऐकावे लागते. बाकी रंग, ढब, लांबी, ढगळपणा, काय कशावर घालायचे, हे त्यांचे. माझे मत मी एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगितले की तो आग्रह होतो, तिसऱ्यांदा आगरकरांचा 'च'. हे सोपे जात नाही. आम्ही शिक्षक आहोत. तीनदा सांगणे हा आमचा व्यवसाय आहे. आणि आम्हांलाही सांगणारे वर आहेतच. डिसेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्टची मनाई केली, काही महिन्यांत जीन्सपुरती ती मागे घेतली. मार्च २०२४मध्ये शाळांतल्या शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना निघाल्या. पन्नाशीच्या माणसाला 'हे घालू नका' असे कोणी लेखी कळवले की त्याचा चेहरा कसा होतो ते मी आमच्या शिक्षक नातेवाइकांच्या घरी पाहिले आहे. सोळा वर्षांच्या मुलीचा हुबेहूब तसाच होतो.

मतभेद मिटावा असे मला आता वाटत नाही. आईची आवड आणि मुलीची आवड एक झाली तर दोघींपैकी एकीने खोटे बोलायला सुरुवात केली, असे मी समजेन. माझ्या आईनेही जीन्स पसंत केली नाही. मात्र भाऊबीजेच्या दिवशी तिने नातीला जवळ बसवून कॉलर उलटी कशी बसवायची ते दाखवले; माझ्याच नवऱ्याचा एक जुना शर्ट त्यात खर्ची पडला. मुलीने ती उसवलेली कॉलर बराच वेळ हातात धरली होती. ती काही बोलली नाही, आणि संध्याकाळी तीच जीन्स घालून मामाकडे गेली. आई तिला दारातून म्हणाली, "गुडघ्याला थंडी वाजंल."

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या लग्नासाठी आम्ही दोघी खरेदीला गेलो. मुलीने गडद हिरव्या रंगाचा, पुरुषांच्या नेहरू शर्टासारखा दिसणारा एक लांब झगा निवडला, आणि अंगाला लावून आरशासमोर उभी राहिली. दुकानातल्या ताईंनी तिच्याकडे पाहिले, मग सवयीने माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, तुम्हाला कसा वाटतोय?"

"मला नाही आवडला," मी म्हणाले. "पण घालायचा तिला आहे. तिला विचारा."

मुलीने खिशांत हात घालून पाहिले. दोन होते, आणि खोल होते.

"हाच," ती म्हणाली.